‘गेट’चं करायचं काय? इंदूरच्या आमच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबागेत माझ्या घरी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरतो. भंवरकुआच्या कोचिंगमधून सुटून येणारी मुलं असतात, दुकानात बाहेरगावची गिऱ्हाइकं येतात म्हणून शिकणारे असतात आणि परदेशी नातवंडांशी धड बोलता यावं म्हणून येणाऱ्या आज्याही असतात. वयात पन्नास वर्षांचं अंतर असलं तरी सगळ्यांचं घोडं एकाच शब्दापाशी अडतं: ‘गेट’ हे इंग्रजी क्रियापद. वर्गात आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्यात परत उगाळायला नको.

१. मॅडम, ‘गेट’चा मराठी अर्थ एका शब्दात सांगा ना.

नाही सांगता येत. हे वाक्य बघा: ‘आय गॉट अप लेट, गॉट ड्रेस्ड, गॉट सम पोहे ॲट राजवाडा, गॉट वेट इन द रेन अँड गॉट टू द ऑफिस ॲट टेन.’ आता मराठीत: उशिरा उठले, कपडे केले, राजवाड्यावर पोहे घेतले, पावसात भिजले आणि दहाला ऑफिसात पोचले. इंग्रजीत पाच वेळा ‘गॉट’, मराठीत पाच वेगळी क्रियापदं.

म्हणून ‘गेट’कडे बघत बसू नका, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा. पुढे वस्तू असेल तर मिळणं, घेणं, आणणं. विशेषण असेल तर होणं: ‘गेट ओल्ड’ म्हणजे म्हातारं होणं, ‘गेट रेडी’ म्हणजे तयार होणं. जागा असेल तर पोचणं. ‘अप’, ‘ऑफ’, ‘ओव्हर’ यांसारखा छोटा शब्द असेल तर त्या जोडीचा अर्थ वेगळा शिकावा लागतो. पुढचे बहुतेक प्रश्न याच एका गोष्टीचे फाटे आहेत.

२. हे ‘गेट’ आणि फाटकाचं गेट एकच का?

नाही. आपल्या लिपीत दोन्ही सारखे दिसतात, एवढंच. फाटकातला ‘ए’ लांब ओढलेला, क्रियापदातला आखूड, तोडून टाकलेला. लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन यांत जो फरक, तोच इथे.

३. एका शब्दाला एवढे अर्थ कसे चिकटले? आणि सगळ्यात जास्त अर्थ ‘गेट’चेच आहेत का?

पहिला नंबर ‘गेट’चा नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ पुढे होता. नंतर ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली तेव्हा एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. मुलं हे ऐकून घाबरतात. घाबरू नका, त्यातले पंधरा-वीस आले की रोजचं काम भागतं.

शब्द मूळचा इंग्लंडचाही नाही. उत्तरेकडून जहाजांनी आलेल्या, नंतर तिथेच वस्ती करून राहिलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘गेता’ होतं: मिळवणं, हाती येणं. ‘टेक’ (घेणं) आणि ‘दे’ (ते लोक) हे इंग्रजी शब्दही तिकडूनच आले. इंग्रजीत त्याच कुळातला एक शब्द आधीपासून होता, पण तो एकटा न राहता दुसऱ्याला चिकटून राहिला. ‘फरगेट’मध्ये तो अजून दिसतो. हातात धरलेलं निसटणं म्हणजे ‘फरगेट’, विसरणं.

अर्थ वाढत कसे गेले ते आपल्याच घरात बघता येतं. त्यासाठी पुढचा प्रश्न.

४. मराठीत असा एखादा शब्द आहे का? की हा सगळा साहेबाचाच गोंधळ?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. एका आजींनी तो जरा वैतागूनच विचारला होता: ‘अहो, एवढे अर्थ एकाच शब्दावर कशाला लादायचे? आपली मराठी बघा कशी स्वच्छ!’ मी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘लागणे’, आणि म्हटलं, आजी, याचा अर्थ एका शब्दात सांगा.

त्या बोटांवर मोजत सांगू लागल्या. नोकरी लागली. भूक लागली. ठेच लागली. डोळा लागला. फोन लागला. मग आज्यांची सगळी रांगच सुरू झाली: कुलूप लागलं, नजर लागली, दूध लागलं, निकाल लागला, वेड लागलं, तो माझा मामा लागतो. फळा भरला. आजी म्हणाल्या, ‘बाई, आपलीही काही कमी नाही.’

मजा अशी की यातल्या कितीतरी ठिकाणी इंग्रजीत ‘गेट’च बसतो. नोकरी लागली: ‘गॉट अ जॉब’. भूक लागली: ‘गॉट हंग्री’. गुडघ्याला लागलं, तर ‘गॉट हर्ट’. बऱ्याच वेळाने फोन लागला: ‘गॉट थ्रू’. सवय लागली: ‘गॉट इंटू द हॅबिट’. गप्पा मारायला लागलो: ‘गॉट टॉकिंग’. रात्री दोनला कुठे डोळा लागला: ‘गॉट टू स्लीप ॲट टू’. आणि निघावं लागेल म्हणायला ‘आय हॅव गॉट टू गो’. सक्तीसाठीसुद्धा दोन्ही भाषांनी आपापला तोच हरकाम्या गडी पुढे केलाय.

जुळत नाही तिथे मात्र ओढू नका. स्टेशनला जायला वीस मिनिटं लागतात, तिथे ‘टेक’. दूध लागलं म्हणजे करपलं, तिथे ‘बर्न’. मामा लागतो, तिथे नुसतं ‘इज’.

मी हे कौतुक म्हणून सांगत नाही. मराठी मुलाला ‘लागणे’चे अर्थ कोणी पाठ करून घेतले नव्हते. ‘भूक’ हा शब्द आला की पुढे ‘लागली’ आपोआप येतं. ‘गेट’ही तसाच शिकायचा, सोबतच्या शब्दासकट.

५. मिळणं म्हणजे ‘गेट’ की ‘मीट’? माझी नेहमी गडबड होते.

ही गडबड इंग्रजीत सुरू होत नाही, ती आपल्या इंदुरी मराठीत सुरू होते. हिंदीत ‘मिलना’ एकच: दोस्त भी मिलता है, पोहा भी मिलता है. दिवसभर हिंदी बोलून घरी आलेला माणूस मग म्हणतो, ‘सराफ्यात गराडू (तळलेला कंद) छान भेटतात.’ गराडू भेटत नाहीत हो, मिळतात. भेटतात ती माणसं. हा फरक मराठीत सांभाळलात तर इंग्रजी आपोआप सुधारतं: जे मिळतं ते ‘गेट’, जे भेटतात त्यांना ‘मीट’.

‘यू गेट गुड गराडू इन सराफा’ या वाक्यातला ‘यू’ म्हणजे समोरचा माणूस नव्हे. कोणालाही मिळतात, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मराठीत ‘मला’ मिळतं, इंग्रजीत ‘आय’ मिळवतो. ‘मला पत्र मिळालं’चं ‘टू मी लेटर गॉट’ करणारे दर बॅचमध्ये दोन तरी असतात. मराठीतला ‘मला’ दिसला की इंग्रजीत त्याला उचलून ‘आय’च्या खुर्चीत बसवा: ‘आय गॉट अ लेटर.’

६. पाणी आण म्हणायला ‘गेट’ की ‘ब्रिंग’?

जाऊन घेऊन यायचं असेल तर ‘गेट’: ‘गेट मी सम वॉटर.’ येताना घेऊन यायचं असेल तर ‘ब्रिंग’: ‘ब्रिंग युअर नोटबुक टुमॉरो.’ स्वयंपाकघरात उठून जाणाऱ्याला पहिलं सांगा, उद्या वर्गाला येणाऱ्याला दुसरं. विनंती करायची तर पुढे ‘कुड यू’ लावा. नुसतं ‘गेट मी’ हे ‘पाणी आण रे’सारखं आहे, घरच्यांना चालतं, पाहुण्याला नाही.

एक भलतंच वाक्य इथेच सांगून टाकते. मुलाकडे अमेरिकेत गेलेल्या एका काकांना सुनेने आतून विचारलं, ‘कॅन यू गेट द डोअर?’ काका दरवाजाकडे बघत उभे. दरवाजा आणायचा कसा? बेल वाजली होती, दार उघडायला सांगत होती ती. ‘गेट द फोन’ही तसंच, वाजतोय तो फोन घ्या.

७. ‘गेट होम’ म्हणायचं की ‘गेट टू होम’?

‘गेट होम’. ‘हिअर’, ‘देअर’ आणि ‘होम’ यांच्या आधी ‘टू’ नाही. जागेच्या नावाआधी मात्र ‘टू’: ‘गेट टू सरवटे’, ‘गेट टू द एअरपोर्ट’. हिंदीत ‘घर पहुँचा’ असं प्रत्यय न लावता म्हणता येतं, तसंच ‘होम’चं समजा.

८. बसमधून उतरताना ‘गेट डाउन’ म्हणतात ना? ऑफिसात माझी चूक काढली.

आपल्या देशात कंडक्टरपासून प्रोफेसरपर्यंत सगळे ‘गेट डाउन’ म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. इथे बोलताना मी ती चूक धरत नाही. परीक्षेत आणि परदेशात मात्र ‘गेट ऑफ’ म्हणा. तिकडे ‘गेट डाउन’ ऐकला की लोकांना उंचावरून खाली उतरा किंवा डोकं वाचवायला खाली वाका असं वाटतं.

ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, त्याला चढताना ‘गेट ऑन’, उतरताना ‘गेट ऑफ’: बस, अवंतिका एक्सप्रेस, विमान. ज्यात वाकून शिरावं लागतं, त्याला ‘गेट इन’ आणि ‘गेट आऊट ऑफ’: कार, ऑटो. सायकल, स्कूटर आणि घोडा यांच्यावर चालता येत नाही, पण वर बसतो म्हणून त्यांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’च. ई-रिक्षाचं विचारलंत तर मी ‘इन’ म्हणेन.

९. ‘आय ॲम गेटिंग लेट’ यात काय चुकलं? मला उशीर होतोय, बरोबर तर आहे.

मराठीत बरोबर आहे, म्हणूनच तर घोटाळा होतो. ‘मला उशीर होतोय’मधला ‘होतोय’ आपण ‘गेटिंग’ने फिरवतो. इंग्रजीत वेळ ‘लेट’ होत जाते, माणूस नाही: ‘इट इज गेटिंग लेट’, रात्र व्हायला लागली. माणसासाठी ‘आय ॲम रनिंग लेट’ किंवा सरळ ‘आय ॲम लेट’.

ताप हा याचाच सख्खा भाऊ. ‘मला ताप येतोय’चं ‘आय ॲम गेटिंग फीव्हर’ होतं. अंगात ताप असेल तर ‘आय हॅव अ फीव्हर’. कणकण आहे, येईलसा वाटतोय, तर ‘आय थिंक आय ॲम गेटिंग अ फीव्हर’ चालेल, आणि त्यातला ‘अ’ गाळू नका.

कंटाळा आणि राग यांना मात्र खुशाल ‘गेट’ लावा. कंटाळा येतोय: ‘आय ॲम गेटिंग बोअर्ड’. ‘बोअर होतंय’ म्हणायची सवय असलेली मुलं ‘गेटिंग बोअर’ म्हणतात. शेवटचा ‘ड’ ऐकू आला पाहिजे.

१०. ‘गॉट’, ‘हॅव गॉट’ आणि ‘गॉटन’ यांत फरक काय?

‘आय गॉट अ बुक’: पुस्तक मिळालं किंवा घेतलं. ‘आय हॅव गॉट अ बुक’: माझ्याकडे पुस्तक आहे. यात मिळण्याचा संबंध राहिला नाही, तो ‘आहे’चा अर्थ झाला. तो वर्तमानातच नीट चालतो. ‘माझ्याकडे होतं’ म्हणायला ‘हॅड गॉट’ नको, ‘हॅड’ पुरे.

‘गॉटन’ला लोक अमेरिकेची नवी टूम समजतात. उलट आहे. काही शतकांपूर्वी इंग्लंडात तो रूढ होता, वसाहती करणाऱ्यांबरोबर समुद्रापार गेला, तिकडे टिकला आणि मायदेशी मागे पडला. तिथेही ‘फरगॉटन’मध्ये आणि हरामाच्या पैशाला म्हणतात त्या ‘इल-गॉटन’मध्ये तो शिल्लक आहेच. अमेरिकन माणूस या दोन रूपांत भेद करतो: ‘हॅव गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, ‘हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी घेतली. परदेश गाठलेली मंडळी घर बदलतात, पण जुनी रूपं सोबत नेऊन जपतात. आपल्या होळकरकाळात इकडे आलेल्या घरांमध्ये ऐकू येणारे जुने मराठी शब्द आठवा.

११. केस कापले याला ‘आय कट माय हेअर’ का चालत नाही?

कारण त्याचा अर्थ, कात्री घेऊन आरशापुढे तुम्ही स्वतः कापले. मीही हे वाक्य पूर्वी बिनदिक्कत बोलले आहे, आणि समोरच्या बाईंनी माझ्या केसांकडे बघून फार दयेने ‘युअरसेल्फ?’ विचारलं होतं.

मराठीत न्हाव्याकडून केस कापून घेतले तरी आपण ‘केस कापले’ म्हणतो. इंग्रजी इथे काटेकोर आहे: ‘आय गॉट माय हेअर कट.’ आधी वस्तू, मग झालेलं काम. मराठीतल्या ‘करून घेणे’ला हेच रूप लावा: ‘गॉट द स्कूटर रिपेअर्ड’, ‘गॉट द ब्लाउज स्टिच्ड’. ‘गॉट रिपेअर्ड द स्कूटर’ असा उलटा क्रम नको.

माणूस मध्ये आला की ‘टू’ येतो: ‘आय गॉट हिम टू रिपेअर इट’, त्याला राजी केलं, त्याच्या मागे लागून करवून घेतलं. ‘मेड हिम रिपेअर इट’मध्ये जबरदस्ती आहे आणि ‘टू’ नाही. ‘हॅड हिम रिपेअर इट’मध्ये नुसतं काम सोपवलंय, तिथेही ‘टू’ नाही. प्लंबरच्या बाबतीत आपल्याकडे नेहमी ‘गॉट’च लागू पडतो, चार फोन केल्याशिवाय येतो कोण?

१२. पाकीट चोरीला गेलं : ‘वॉज स्टोलन’ की ‘गॉट स्टोलन’?

दोन्ही. ठाण्यात तक्रार लिहिताना ‘वॉज’, मैत्रिणीला रडत सांगताना ‘गॉट’. ‘गॉट’मध्ये अचानक काहीतरी घडलं, बहुधा वाईट, असा सूर असतो. लग्नालाही ‘गॉट मॅरिड’च म्हणतात, त्यावर वर्गात दरवेळी हशा पिकतो. लग्न कोणाशी झालं हे सांगताना मराठीतल्या ‘शी’चं ‘विथ’ करू नका, ‘गॉट मॅरिड टू’.

अपवाद लक्षात ठेवा. जन्माला ‘गॉट’ लागत नाही, ‘वॉज बॉर्न’च. मृत्यूला तर ‘वॉज’ही नको, ‘डाइड’ एवढंच. आणि माहीत असणं, आवडणं अशा स्थितींना हे रूप बसत नाही, तिथे काही घडतच नाही.

१३. ‘गेट टू नो’ आणि ‘गेट टू सी’मध्ये ‘टू’चं काय काम? तो तर जागेसाठी होता ना?

जागेचा ‘टू’ प्रश्न ७ मध्ये आला. इथे पुढे क्रियापद आहे. ‘गॉट टू सी’ म्हणजे बघायला मिळालं, अगदी शब्दाला शब्द. संधी मिळाली असा अर्थ. ‘गेट टू नो’मध्ये हळूहळू ओळख होत जाते. ‘हॅव गॉट टू’ हे तिसरंच, त्यात सक्ती आहे, ते प्रश्न ४ मध्ये पाहा. ‘आय गॉट टू गो’ असं गुळमुळीत बोललं तर जायला मिळालं की जावं लागतंय, हे चेहरा बघून ठरवावं लागतं.

१४. नात मला ‘गेट आऊट ऑफ हिअर’ म्हणाली. हे काय शिकवतात तिकडे?

हा प्रश्न एका आजींनी रात्री साडेअकराला पाठवला होता. नात न्यू जर्सीत, नऊ वर्षांची. व्हिडिओ कॉलवर आजी सांगत होत्या की इथे लोक रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्याच पुढे बसून जिलबी खातात. नात डोळे विस्फारून म्हणाली, ‘गेट आऊट ऑफ हिअर!’ आजींनी फोन ठेवून दिला. सुनेला कळेना, आजी बोलेनात.

ते ‘काहीतरीच काय!’ होतं हो. अमेरिकेत आश्चर्यासाठी असं म्हणतात, सूर चढा आणि चेहरा हसरा. नुसतं ‘गेट आऊट’ घट्ट आवाजात म्हटलं तर मात्र हाकलणंच, आणि ‘गेट लॉस्ट’ म्हणजे चालता हो. ‘गॉट इट’ म्हणजे समजलं. ‘यू गॉट मी’ म्हणजे पकडलंस मला, किंवा याचं उत्तर मला येत नाही.

दुसऱ्या दिवशी आजींनी फोन केला. आता नातीने काहीही सांगितलं की त्या ‘गेट आऊट’ म्हणतात.

१५. अर्जात आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या निबंधात ‘गेट’ लिहू का?

बोलण्याच्या परीक्षेत भरपूर वापरा. अर्जात आणि निबंधात शक्यतो टाळा: मिळणंसाठी ‘रिसीव्ह’ किंवा ‘ऑबटेन’, होणंसाठी ‘बिकम’, पोचणंसाठी ‘अराइव्ह’ किंवा ‘रीच’. ‘रीच’ला पुढे ‘टू’ नाही. मात्र आईला लिहिलेल्या मेसेजमध्ये ‘आय हॅव ऑबटेन्ड भाजी’ लिहू नका.

१६. प्रश्न ११ प्रमाणे ‘गॉट’ म्हणजे मुद्दाम करवून घेणं. मग ‘शी गॉट हर फिंगर कॉट इन द डोअर’ म्हणजे बोट मुद्दाम अडकवलं?

रचना तीच, अर्थ उलटा. बोट दारात चेमटलं, असा त्याचा अर्थ. मुद्दाम की चुकून हे व्याकरण सांगत नाही, व्यवहार सांगतो. केस माणूस कापून घेतो, बोट कोणी चेमटून घेत नाही. मराठीतही ‘हात भाजून घेतला’ म्हणतो तेव्हा कोणी ठरवून भाजलेला नसतो.

संक्रांतीनंतरच्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं, ‘आय गॉट माय काईट कॉट इन द नीम ट्री’, आणि विचारलं, मुद्दाम की चुकून? सगळे म्हणाले चुकून. मागच्या बाकावरचा एक जण हात वर करून म्हणाला, ‘मॅडम, कटणारच होती, म्हणून मीच अडकवली.’